दाखला नको, दंड दाखव

मी, बंदरावर प्रवाशांचे देवीच्या लसीचे दाखले तपासण्यात जन्म घालवलेला निवृत्त कारकून, डोके ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. भीती आहे, पण तिची नोंद कायदा घेत नाही.

घर थोरल्या मुलीला आणि धाकट्याला निम्मे निम्मे. न्हाणीघराची गळती काढतो, काढतो म्हणत राहिलो. ती आता मुलीने काढून घ्यावी.

दाखले वाचायचे माझे भिंग आमच्या मोठ्या साहेबांना. पूर्वी दंडावरचा व्रण हाच दाखला असे. पुढे कागद आला, आणि कागदामागोमाग त्याची नक्कल. एका प्रवाशाचा दंड कोरा दिसला म्हणून मी त्याला अडवले, तर साहेब म्हणाले, "शिक्का आहे ना? मग सोडा. उगाच काथ्याकूट नको." तो आमच्याच गल्लीत उतरला. महिनाभरात माझी बायको देवीने गेली. तिला लहानपणी टोचले होते, तेवढे पुरले नाही. शेवटी तिचा चेहरा मला ओळखू येत नव्हता. साहेबांना मी माफ केलेले नाही.

धाकटा पुढच्या महिन्यात जहाजावर आचारी म्हणून निघतो आहे. सुईला तो पहिल्यापासून भितो. परवा त्याने दाखला माझ्यापुढे टाकला.

"दाखला नको, दंड दाखव," मी म्हटले.

"सगळेच विकत घेतात, बाबा. आता कुठं राहिलाय तो रोग?"

तेव्हापासून कोणी दार वाजवले तरी दचकतो.

म्हणून त्याचा हिस्सा, लस उठलेली थोरलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच त्याला मिळावा. फोड यायला आठवडा लागतो. डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहता तेवढे दिवस माझ्याकडे नाहीत. नाही उठली तर पुन्हा टोचावे. कागदावर विसंबू नये, ह्या कागदावरही.

स्थळ: माझी खाट. तारीख: नऊ, सोमवार.
सही: दाखलेवाला

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपीकाका
२. दवाखान्यातल्या लस टोचणाऱ्या बाई. सहीला बोलावले, पण पेटी घेऊन या असे सांगितले होते.

सह्यांनंतर लिहिले: शिंपीकाकांनी हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. बाईंनी सुई उकळायला ठेवली आहे. धाकटा दाराशी उभा आहे, बाही अजून खालीच. हाक मारली तर निघून जाईल, म्हणून मी मारत नाही.