शेंदरी बाण

शनिवार, ११ डिसेंबर २०१०

उद्या नागपूरचे सायकलवाले नदीकाठच्या पांदणीने येणार, म्हणून सकाळी मी वळणावरच्या दगडांवर बाण काढले. रंग पोळ्याचा उरलेला, बैलांच्या शिंगांचा. शेंदरी. तिथेच चुकलं का?

संध्याकाळी पाहतो तर सौंदडकडच्या वळणावर, बाणाच्या दगडापुढे नारळ! बकऱ्या चारणारी सखूबाई म्हणे, "गुरुजी, तुमीनच त शेंदूर लावला. देव असन म्हूनच लावला ना?"

"बाण आहे तो, बाई."

तिने बाणालाच हात जोडले.

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरी कोणी दगडाला हात जोडला नाही. आणि मी देव करून बसलो? ती गेल्यावर ओलं फडकं घेऊन पुसायला गेलो. पुसवलं नाही. तेही ठीक. पण त्या दगडाजवळ जाताना मी जोडे काऊन काढले?