वसू, तो काढलेला तुकडा

प्रिय वसू,

तुला जाऊन वर्ष होत आलं आणि मी आज पहिल्यांदा लिहायला बसलोय. रागावू नकोस. तू असताना तरी मला सलग चार वाक्यं बोलायला कुठे मिळायची? तू प्रश्न विचारणार आणि उत्तर अर्ध्यात असतानाच पुढचा प्रश्न टाकणार. पेपरात राहून लागलेली खोड, दुसरं काय! आज मात्र मी बोलणार आणि तू गप्प ऐकायचंस.

झालंय असं, की उद्या मला बँकेतून दिल्लीला फोन करायचाय. तिथले एक गृहस्थ तुझा दहिसरचा सिनेमा मोठ्या थेटरात दाखवणार म्हणतायत. परदेशातून पाहुणे येणार, नवी प्रिंट त्यांच्याच खर्चाने निघणार. मी तर खुर्चीतून उठलोच! मग म्हणाले, "तुमच्या मिसेसनी त्यातला एक शॉट काढून टाकला होता ना? तो पुन्हा घाला. त्याच्याशिवाय सिनेमा जरा सपक वाटतो, आमची कमिटी तयार होणार नाही."

सपक! तू असतीस तर त्या माणसाचं काही खरं नव्हतं.

तो सिनेमा कशातून निघाला, आठवतं ना गं? तू बातमीदार होतीस. दहिसरला नदीकाठच्या झोपड्या तोडल्या, ते बघायला गेलीस, दिवसभर उन्हात उभी राहिलीस, संध्याकाळी बैठक मारून पानंच्या पानं लिहिलीस. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं काय, तर अतिक्रमण हटवलं, वाहतूक सुरळीत. चार ओळी! तू पेपर माझ्या ताटाशेजारी आपटलास आणि म्हणालीस, "अनंत, मी नोकरी सोडतेय." मी म्हटलं, आधी आमटी तरी वाढ. तू आमटी वाढलीस आणि नोकरी सोडलीस.

मग कुठून तरी तो जुना कॅमेरा पैदा केलास. मढला हिंदी सिनेमांच्या शूटिंगवर जाणाऱ्या एका कॅमेरामनचा होता, बहुतेक तुझ्या बडबडीला कंटाळून त्याने दिला असावा. आणि माइक धरायला कोण? बोरिवली शाखेचा कॅशियर! रविवार आला की मी बांबूला माइक बांधून उभा. एकदा ऐन मुलाखतीत मला शिंक आली, ती सिनेमात अजून आहे. तू म्हणालीस, राहू दे, तुझी तेवढीच भूमिका.

आईने तुला विचारलं होतं, "सिनेमा काढतेयस तर हिरो कोण गं?" तू म्हणालीस, "तुमचा मुलगा. फक्त तो दिसत नाही." आई आठवडाभर शेजारणींना सांगत सुटली होती.

त्या रविवारांपैकी एका सकाळी झोपड्या पुन्हा तोडायला पालिकेची गाडी आली. गाडीबरोबर साहेब आला. आणि सुलोचनाबाई परब, मालवणकडच्या, नवरा गिरणी संपात घरी बसलेला, त्या धावत गेल्या आणि त्यांनी भर चिखलात साहेबाचे पाय धरले. साहेब पाय झटकतोय आणि त्या सोडत नाहीयेत. तू कॅमेरा खाली घेतला नाहीस. मी माइक धरून रडत होतो, तू हे कुणाला सांगितलं नाहीस याबद्दल आभार.

आणि मग तुझा तो नियम! सिनेमा आधी कुणाला दाखवायचा, तर ज्यांचा आहे त्यांना. त्यांनी म्हटलं काढ, तर काढायचं, वाद नाही. नदीकाठी दोन बांबूंमध्ये आपली चादर बांधली, सगळी वस्ती जमली. स्वतःला पडद्यावर बघून काय हसत होते सगळे, काय शिट्ट्या! मग तो शॉट आला. सुलोचनाबाई उठून तुझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाकी काय होया ता ठेव. मी पाय धरलंय, तेवढा काढ."

तू काढलास, पण तुकडा डब्यात जपून ठेवलास. तुझा संकलक अक्षरशः डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, वाट लावलीस सिनेमाची, आणि त्या शॉटबद्दल भेटेल त्याला सांगत सुटला. तू ढिम्म. पुढे तू किती कामं केलीस! कोठडीतून घरी न आलेल्या पोराच्या आईवर केलंस, गटारात उतरणाऱ्या माणसांवर केलंस. घाटकोपरच्या शाळेत, मुलुंडच्या हॉलमध्ये, जिथे कुणी बोलावेल तिथे प्रोजेक्टर उचलून गेलीस. पण नाव झालं का? नाही झालं. तुला त्याचं काही नव्हतं, मला होतं. मला फार होतं, वसू. म्हणून दिल्लीचा फोन आल्यावर मी लगेच नकार दिला नाही. विचार करतो म्हणालो.

आणि काल उठून सरळ दहिसरला गेलो.

सुलोचनाबाई भेटल्या. झोपडी तिथेच आहे, आता पक्क्या विटांची. मला बघून ओरडल्याच, "अरे देवा, माइकवाले भाऊ! केवढो वाळलंस! कोण जेवणखाण बघता की नाय?" चहा आला, चकली आली. तुझ्याबद्दल बोलताना त्यांनी पदराने डोळे पुसले आणि लगेच सुनेला ओरडल्या, चायत साखर कमी घातलीस म्हणून.

मी चाचरत विषय काढला. दिल्ली, थेटर, तो तुकडा. म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात तर मी सरळ नकार कळवतो, दिल्लीवाले गेले उडत.

त्यांनी बशीतला चहा फुंकून संपवला. मग म्हणाल्या, "तेव्हा माका लाज वाटली होती, भाऊ. भर वस्तीत कोणाच्या पायां पडलंय म्हणान. सासू जिती होती, नवरो घरात. आता माका वाटता, लाज कित्याक माका? मी घर वाचवूक गेललंय. लाज तेका वाटाक होयी, ज्येचे पाय होते."

मी म्हटलं, मग लावू?

"लाव. मी कवाच सांगितलं असतंय. पण ताई परत विचारूकच इली नाय."

ऐकलंस? परत विचारायलाच आली नाही! अगं, इतक्या वेळा तू त्या वस्तीत गेलीस, त्यांच्या घरी मासे जेवलीस, नातवाच्या बारशाला गेलीस. एका शब्दाने विचारलं नाहीस! जगाला प्रश्न विचारून हैराण करणारी बाई तू. त्यांच्या एका 'नाही'ला एवढा मान दिलास, की माणूस पुढे बदलेल, त्याला दुसरं काही म्हणायचं असेल, हे तुझ्या डोक्यातच आलं नाही. मला तुझा रागही आला आणि तिथल्या तिथे हसूही आलं. सुलोचनाबाईंना वाटलं मी रडतोय, त्यांनी आणखी दोन चकल्या वाढल्या.

त्यांची अट मात्र आहे. "खाली नाव घाल माझा. नुसती बाई म्हणान नको. पुरा नाव." शिवाय दिल्लीला त्या स्वतः येणार. "पाय धरलेले सगळ्यांनी बघायचे, मगे माका उभी रवलेली पण बघूदे."

तेव्हा उद्या मी त्या गृहस्थांना सांगणार, तुकडा मिळेल, पण दोन तिकिटं काढा. बाई बोलणार आहेत आणि मालवणीत बोलणार आहेत, तुमच्या कमिटीला समजून घ्यायचं तर घेऊ दे. नाही म्हणाले तर राहिलं. मग सुलोचनाबाईंना घेऊन मी बोरिवलीतच दाखवीन, शाळेचा हॉल मागून.

आणि तुला एक शब्द देतो, वसू. तुझं नाव मोठ्या अक्षरांत यावं म्हणून मी इतकी वर्षं जीव टाकला, तुला माहीत आहे. ते येईल. पण नवी प्रिंट निघेल तेव्हा पडद्यावर पहिलं नाव सुलोचना परब असं असेल. तुझं त्याच्या खाली.

तुझा,
अनंत