कोनाड्यावरची काजळी

प्रिय चिमणे,

तीन रविवार स्वयंपाकघराच्या भिंती घासतो आहे. आग दहा मिनिटांत विझली, काजळी मात्र हटायला तयार नाही. पहिल्या रविवारी ओला फडका घेऊन शेगडीमागची भिंत पुसायला गेलो आणि होती त्याहून काळी करून बसलो. तुझी वहिनी म्हणाली, पुसताय की सारवताय? शेवटी रंगाच्या दुकानदाराने झापलं. काजळी तेलकट असते, पाणी लागलं की रंगात मुरते. आधी कोरडा ब्रश, मग कोरडा स्पंज, वरून खाली, न रगडता. साबणाचं पाणी त्यानंतर. पन्नाशीला आलो, तरी शाळेतल्यासारखी मान खाली घालून ऐकलं.

काल समोरची, देवाच्या कोनाड्याची भिंत तशी कोरडीच झटकली. वरची काजळी उतरली आणि खालचा डाग उघडा पडला. कोनाड्याच्या कडेला बोटभर, वर जाताना हातभर रुंद. तिथल्या रंगाला फोड आलेत. शेगडीमागचा रंग शाबूत आहे, तिथे नुसता धूर बसला होता. आग कुठून निघाली हे सांगायला जाणकार कशाला हवा?

त्या सकाळी मला कामाला उशीर झाला होता. दिव्यात काठोकाठ तेल ओतलं, वात लावली, हात जोडले आणि कोनाड्याचा पडदा बाजूला न खोचताच निघालो. ‘शेगडी मी बंद केली होती’ असं तू रडून सांगत होतीस. आई तुला नाही नाही ते बोलली. मी देवाधर्माचा माणूस, गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तू शिलाईमशीन उचलून वेगळी खोली घेतलीस, तेव्हाही गप्पच.

डागावर रंगाचे दोन हात मारले असते तर कुणाला कळलं नसतं. तसं मनात आलंही, खोटं कशाला बोलू! पण आईला हाताला धरून भिंतीपाशी नेलं, सगळं सांगितलं. तिने रंगाच्या फोडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, पोरीला उगाच घालवलं रे आपण.

तू परत ये म्हणायला हे पत्र नाही, तो हक्क मी गमावला. येत्या रविवारी आईला घेऊन तुझ्याकडे येतो आहे. तीन जिने आहेत, धाप लागेल, असं मी तिला म्हटलं. तर म्हणाली, तेव्हा बोलताना नाही लागली, आता लागू दे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
दादा