माझा तास कोण घेणार

मी, खाली सही करणारा, निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यानंतर उगाचच झालेला लेखक, वय वर्षे चौऱ्याऐंशी, हे मृत्युपत्र जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, असा दाखला डॉक्टरांनी आज तपासून दिला. हृदयाबद्दल तसा दाखला मागितला, तर ते छताकडे बघू लागले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आणणार कोण? घरात मी आणि माझी पत्नी, आणि ती मला ओळखत नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते लिहिताना ती माझ्या आधी जाईल, असे मी धरून चाललो होतो. आता माझी वेळ आधी येणार, असे दिसते.

कलम १. राहते घर. माझ्या पश्चात पत्नीने हयातभर याच घरात राहावे. नंतर घर मुलाचे. तोपर्यंत त्याने ते विकू नये, आणि मोजमाप घ्यायला माणसे तर मुळीच पाठवू नयेत. मागच्या वेळी आलेल्या माणसाने तिच्या पलंगावर चढून फीत लावली होती. चिरंजीवांचे फोनवर म्हणणे असे की, "बाबा, आईला काय कळतंय? तिला इथे काय नि तिथे काय, सारखंच." तिथे म्हणजे त्याने पसंत केलेला वृद्धाश्रम. मी जाऊन पाहिला. स्वच्छ आहे, भिंती पिस्ता रंगाच्या आहेत. पण तिथे दुपारी कोणी कोणाला घरी सोडत नाही. मुलावर माझा राग नाही असे लिहिणार होतो, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

कलम २. करडा कोट. हे मृत्युपत्र खरे म्हणजे याच कलमासाठी आहे, तेव्हा मागच्या बाकांनीही लक्ष द्यावे.

माझी पत्नी माझ्याच शाळेत गणित शिकवत असे. आजाराने तिचे बाकी सगळे नेले, शाळा तेवढी ठेवली. रोज दुपारी ती केस विंचरते, पर्स घेते आणि माझ्या लिहिण्याच्या खोलीच्या दारात उभी राहते. "सर, आत येऊ का?" मी कोट घालून बसलेलो असतो. तिला लवकर घरी जायचे असते. का, तर "घरी हे वाट बघत असतील, सर." हे म्हणजे मी. मी रजा दिली की ती व्हरांड्यातून वळसा घालून बैठकीच्या खोलीत जाते, खुर्चीत टेकते, हुश्श म्हणते. घरी पोचली, म्हणून रात्रीपर्यंत शांत असते. रजा मिळाली नाही, तर बाहेरच्या दारावर हात आपटते आणि ओरडते. मनगटावरचे काळे-निळे वळ डॉक्टरांनी पाहिले आहेत.

पूर्वी मी रजा देऊन मागच्या दाराने पळत बैठकीत जायचो, कोट काढून नवरा होऊन बसायचो. वर्षभर जमले. मग एके दिवशी तिने मला पाहून पदर सावरला आणि म्हणाली, "हे अजून आले नाहीत. तुम्ही नंतर या." त्या दिवसापासून मी कोट काढायचे सोडले.

रजेची माझी एक शिस्त होती, तीही इथे नोंदवतो. माझ्या शाळेत रजा मागणाऱ्याने आधी सांगायचे, तास कोण घेणार. नाव नाही तर रजा नाही, मग घरी काहीही पेटलेले असो. वर्ग रिकामा ठेवला की मुले खिडकीची तावदाने तरी फोडतात नाहीतर एकमेकांची डोकी. शिक्षक माझ्या नावाने बोटे मोडायचे, पण नाव आणायचे. ही बाई नोकरीला लागून महिना झाला नव्हता, रजा मागायला आली. मी विचारले, तास कोण घेणार? तर म्हणते कशी, "तुम्हीच घ्या की, सर. तुम्हाला काय काम असतं?" कारकुनाच्या हातून शिक्का पडला. मी तेव्हा नवा मुख्याध्यापक, अंगात ताठा. गेलो वर्गावर आणि बीजगणितात असा काही रुतलो की मुले हसून हसून बाकांखाली गेली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझे गणित तसेच ठेवून तिने माझ्या चुकीला लाल खडूने गोल केला होता. पुढच्या वर्षी आमचे लग्न झाले.

आजही मी विचारतो, तास कोण घेणार? ती सांगते, "चित्रकलेच्या बाई." त्या बाई जाऊन कित्येक वर्षे झाली. मी म्हणतो, "बरं. जा. घरी वाट बघत असतील."

माझ्यानंतर हे कोण करणार, एवढाच माझा प्रश्न आहे. मुलाला विचारले, तो म्हणाला, "बाबा, ही नाटकं किती दिवस?" दिवसभर तिला सांभाळणाऱ्या बाई मनाने सोन्यासारख्या, पण त्या म्हणतात, "मी खोटं नाही बोलत. आजी, तुम्ही घरीच आहात." हे ऐकले की ती अशी रडते की बघवत नाही. समोरचे शिंपीदादा तयार झाले. माझे अंग वाळत गेले तसा हा कोट त्यांनीच दोनदा आत घेतला, त्यामुळे त्यांना तो काखेत दाटला. पण घातला बिचाऱ्यांनी. पहिल्या दिवशी ते तिला पाहताच म्हणाले, "जा, जा." ती जागची हलली नाही. "सर असं लगेच हो म्हणत नाहीत." मग मी त्यांच्याकडून प्रश्न घोकून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बरोबर विचारले, "तास कोण घेणार, वहिनी?"

"शाळेत वहिनी?" ती म्हणाली, आणि थेट बाहेरच्या दाराशी गेली. शिंपीदादा कोट काढून माझ्या टेबलाशी बसले आणि रडले. त्यांना पुन्हा सांगायचा धीर मला होत नाही.

म्हणून हा कोट कोणाच्याच नावे करत नाही. तो खुंटीवर राहील. घेणाऱ्याच्या नावाची जागा खाली कोरी सोडली आहे.

कलम ३. पुस्तके. निवृत्तीनंतर मी लिहिलेल्या कादंबऱ्यांचे न खपलेले गठ्ठे मागच्या खोलीत आहेत. ते रद्दीवाल्याला द्यावेत. एक प्रत मात्र ज्या समीक्षकाने माझ्या कादंबरीला शाळेचे परिपत्रक म्हटले, त्याला पाठवावी. तो अजून जिवंत आहे, मेला. हस्तलिखिते वाचनालयाला द्यावीत. त्यांत तिच्या लाल पेनाच्या खुणा आहेत, 'इथे उगाच रडू नका', 'हे वाक्य घरी जाऊ द्या', आणि माझ्या लिखाणात काही बरे असेल तर ते तिच्या खुणांनंतर उरलेले आहे. शेवटच्या पुस्तकाच्या हस्तलिखितावर एकही लाल खूण नाही. ते कोणी वाचू नये.

कलम ४. भिंतीवरचे घड्याळ. संस्थेच्या अध्यक्षांनी निरोप समारंभात दिलेले. त्यांना साभार परत करावे. ते पहिल्यापासून मागे पडते, आणि त्या भाषणात अध्यक्ष माझे नावही विसरले होते.

कलम ५. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर भाषणे आवरती घ्यावीत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉक्टरांनी करावी.

सह्या करण्यापूर्वी आत्ता घडले ते साक्षीदारांच्या आग्रहावरून लिहितो. डॉक्टर, शिंपीदादा आणि मी असे तिघे टेबलाशी बसलो असताना पत्नी पर्स घेऊन आली. तिघांना पाहून म्हणाली, "मीटिंग आहे का, सर?"

काय वाटले कोणास ठाऊक, मी म्हणालो, "नाही बाई. आज रजा मला हवी आहे."

ती जरा हसली. कित्येक महिन्यांनी हसली. "मग तुमचा तास कोण घेणार?"

मला नाव सांगता येईना. शिंपीदादा खाली बघत होते. ती म्हणाली, "जा तुम्ही, सर. मी घेते. मला काय काम असतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. मी पेन उचलले, कोऱ्या जागेवर टेकवले. तेवढ्यात तिने पर्स खांद्याला लावली. "पण सर, मला आज लवकर सोडा. घरी हे वाट बघत असतील."

शिस्त ती शिस्त. मी विचारले, "तुमचा तास कोण घेणार?"

"तुम्ही आहात की," ती म्हणाली.

मी आहे म्हणालो. जा म्हणालो. ती गेली. बैठकीतून आत्ताच हुश्श ऐकू आले. आता सही करतो.

लिहून ठेवणार: निवृत्त मुख्याध्यापक (सही)

साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. समोरचे शिंपी (सही)

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल

दिनांक: आजचा, डॉक्टरांनी सहीखाली घातला आहे

कोट घेणाऱ्याचे नाव: ....................