एक रोगट फ्लॉपी स्वच्छ न करण्याबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
संगणक साहाय्य कक्ष,
नागरी विज्ञान प्रसार केंद्र,
नागपूर.

विषय : आपल्या कपाटात जमा असलेल्या फ्लॉप्यांपैकी एक फ्लॉपी येत्या सोमवारी कोरी न करता आहे त्या रोगट अवस्थेत परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) सर्व फ्लॉप्या कोऱ्या कराव्यात अशी शिफारस करणारा अर्जदाराचाच मागील अर्ज.
२) त्याविरुद्ध अर्जदाराने परवा तोंडी केलेली विनंती व तीवर आपल्या कार्यालयाने दिलेला शेरा : ‘अर्जदाराच्या शिफारशीनुसारच कार्यवाही होत आहे, सबब हरकत विचारात घेता येत नाही.’

महोदय,

१. अर्जदार गिरिधर मार्तंड पिंपळापुरे, राहणार रामदासपेठ, हा पदार्थविज्ञानाचा एम.एस्सी. असून त्याचा विशेष विषय प्रकाशशास्त्र होता. ही माहिती अर्जदार मिरवण्यासाठी देत नाही. पुढे जे घडले ते वाचताना ती आपल्या ध्यानात असणे आवश्यक आहे, एवढ्याचसाठी देत आहे.

२. शहरात ज्यांच्या घरी संगणक आहेत अशा मोजक्या मंडळींचे एक गृहसंगणक मंडळ असून अर्जदार त्याचा चिटणीस आहे. फ्लॉपीवाटे एका संगणकातून दुसऱ्यात शिरणाऱ्या रोगाची बातमी श्रावणात कानी आली, तेव्हा अर्जदाराने रोग ओळखणारा एक छोटा कार्यक्रम (प्रोग्रॅम) लिहिला. त्यासोबत नियमही केले : परक्याची फ्लॉपी तपासल्याशिवाय लावू नये, शंका आल्यास संगणक पूर्ण बंद करून स्वच्छ फ्लॉपीनेच पुन्हा सुरू करावा, आणि ज्या फ्लॉपीवर काही लिहिले जाऊ नये तिच्या कडेची खाच पट्टी चिकटवून बंद करावी. नियम चांगले होते. ते आजही चांगलेच आहेत.

३. दसऱ्याला आपण घरोघरी सोने द्यायला जातोच, तर त्याच फेरीत प्रत्येकाचा संगणकही तपासून द्यावा, असे अर्जदाराच्या मनात आले. आपट्याची पाने एका खिशात आणि तपासणीची फ्लॉपी दुसऱ्या खिशात घेऊन तो घराबाहेर पडला. खाच बुजवण्याच्या काळ्या पट्ट्या बाजारात मिळाल्या नव्हत्या, म्हणून त्याने आपल्या फ्लॉपीला आणि तपासलेल्या प्रत्येक फ्लॉपीला साधी पारदर्शक चिकटपट्टी लावली. खाच बंद झाली. बोट फिरवून त्याने खात्रीही करून घेतली.

४. महोदय, आमच्या मंडळातल्या संगणकांना खाच बंद आहे की उघडी हे बोटाने कळत नाही, उजेडाने कळते. एका बाजूने प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. तो पलीकडे पोहोचला की संगणक समजतो, खाच उघडी आहे, लिहायला हरकत नाही. पारदर्शक पट्टीतून प्रकाश जातो. हे शाळेतल्या मुलाला कळते. रोग कोणत्या घरी आधीपासून होता ते अर्जदार सांगणार नाही, कारण तो त्या एका घरापुरता होता. तेथे अर्जदाराच्या कार्यक्रमाला तो ओळखता आला नाही, तो अर्जदाराच्या फ्लॉपीवर चढला आणि पुढच्या प्रत्येक घरी अर्जदाराने तो स्वहस्ते, सोन्यासारखा, वाटला. वर प्रत्येकाला नमस्कार करून ‘आता निर्धास्त राहा’ असेही सांगितले.

५. हे उघडकीस आले ते अर्जदाराच्या काकू यमुताई यांच्यामुळे. दिवाळीनंतर एकेका घरचा संगणक फ्लॉपीवरच्या मजकुराची नावे दाखवीनासा झाला. अर्जदाराने फेरीला निघण्यापूर्वीच तपासलेली काकूंची भजनी मंडळाच्या पदांची फ्लॉपी मात्र ठणठणीत राहिली. आपली फ्लॉपी ओळखू यावी म्हणून त्यांनी अर्जदाराची पट्टी काढून त्या जागी मखमली टिकली लावली होती. टिकलीतून उजेड जात नाही. अर्जदाराच्या वडिलांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, “काय रे, एम.एस्सी.ला उजेड शिकवला होता तुला, का अंधार?” त्या दिवसापासून काकू येणाऱ्याजाणाऱ्याला टिकलीचे पाकीट दाखवतात. तीही शिक्षा अर्जदार निमूट सोसत आहे.

६. आता ज्या फ्लॉपीसाठी हा अर्ज आहे तिच्याविषयी. मंडळाचे सभासद श्री. रुपराव गजभिये हे कोराडीच्या वीजकेंद्रात अभियंता असून तेथील वसाहतीत राहतात. त्यांच्या मातोश्री भीमाबाई १९५६ साली नागपूरच्या दीक्षा समारंभाला पायी आल्या होत्या. गेल्या वर्षी त्या रोज संध्याकाळी त्या दिवसांविषयी बोलत आणि रुपराव शेजारी बसून ते बोलणे इंग्रजी अक्षरांत, पण त्यांच्याच बोलीत, जसेच्या तसे टंकित करीत. कसे टंकित करावे हे अर्जदारानेच त्यांना शिकवले होते. घरी छपाईचे यंत्र नाही. दुसरी प्रत काढून ठेवा, असे सांगायला अर्जदार विसरला. भीमाबाई या उन्हाळ्यात वारल्या.

७. दसऱ्याच्या दिवशी अर्जदार कोराडीला पोहोचला तेव्हा रुपरावांचे घर दीक्षाभूमीवरून परतलेल्या, पांढऱ्या कपड्यांतल्या पाहुण्यांनी भरले होते. रुपराव म्हणाले, “आज कायले मशीन लावता गा भाऊ? बसा, खीर खा अन् मंग जा.” अर्जदाराने खीर खाल्ली आणि मशीनही लावले. पाहुण्यांना बाजूला सरकवून लावले. रुपरावांची मुलगी प्रेमिला हिने त्या फ्लॉपीच्या लेबलावर बॉलपेनने ‘आजी’ असे लिहिले होते. टोक दाबून लिहिले की आतली चकती खराब होते, असे म्हणून अर्जदार त्या लहान मुलीवर सर्वांदेखत रागावला. त्यानंतर त्याने स्वतःची फ्लॉपी आत सरकवली, आणि ती काढून आजीची.

८. पुढे आपण बोलावलेल्या सभेत अर्जदारानेच आग्रह धरला की रोग मुळापासून काढायचा तर सर्व फ्लॉप्या जमा कराव्यात, त्यांची जुनी लेबले सोलून टाकावीत आणि एकूण एक फ्लॉपी कोरी करून परत द्यावी. तसा लेखी अर्जही (संदर्भ १) दिला. आपण तो मान्य केला. घरोघरी जाऊन फ्लॉप्या गोळा करण्याचे कामही अर्जदाराने मागून घेतले. रुपरावांनी दारातच विचारले, “भाऊ, त्यात माह्या मायचं बोलणं हाय. खरंच काईच उरलं नाई का?” अर्जदाराने शास्त्राचा हवाला देऊन सांगितले, काहीच नाही. त्यांनी फ्लॉपी आणून अर्जदाराच्या हातात ठेवली. मग म्हणाले, “मंग घेऊन जा. रिकामं डबडं ठेवून मी काय करू गा?”

९. हे सांगताना अर्जदाराने तपासून पाहिले नव्हते. त्याने तपासले ते घरी परतल्यावर, स्वतःच्या एका बिघडलेल्या फ्लॉपीवर. यादीचा आधार न घेता फ्लॉपीचा एकेक भाग थेट पडद्यावर आणला, तेव्हा त्याचा सगळा मजकूर जागच्या जागी होता. रोगाने फक्त नावांच्या यादीचा भाग पुसला होता. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली होती, पुस्तक शाबूत होते. म्हणजे भीमाबाईंचे बोलणे बहुधा अजून त्या फ्लॉपीवर आहे. ते आपल्या कपाटात आहे, आणि सोमवारी ते अर्जदाराच्या शिफारशीने कायमचे पुसले जाणार आहे.

१०. संदर्भ २ मधील शेरा नियमाला धरूनच आहे, याची अर्जदाराला जाणीव आहे. म्हणून तो आपल्याकडे आता अर्जदाराविरुद्धच तक्रार नोंदवीत आहे. मागील अर्ज करणारा इसम घाईने ठाम बोलणारा, न तपासता खात्री देणारा व प्रकाशशास्त्राचा अभ्यास असून प्रकाश कशातून जातो याचा विचार न करणारा आहे. अशा इसमाच्या शिफारशीवर आपल्या कार्यालयाने कार्यवाही करू नये. खात्री हवी असल्यास यमुताईंची साक्ष घ्यावी. त्या आनंदाने देतील.

११. ती फ्लॉपी रोगट आहे व बाहेर गेल्यास रोग पसरेल, ही आपली भीती रास्त आहे. अर्जदार ती बाहेर मागतच नाही, असे समजावे. आपल्याच कार्यालयात, आपल्या देखरेखीखाली, खाचेवर काळी पट्टी लावून, अर्जदार ती स्वतःच्या संगणकावर वाचील. संगणक तो रिक्षात घालून आणील. मजकूर स्वच्छ फ्लॉपीवर उतरवून झाल्यावर आपण त्या संगणकातले सगळे, अर्जदाराचा कार्यक्रम आणि दोन वर्षांची टिपणे यांसह, पुसून टाकावे. हेही मान्य नसल्यास सोमवारी इतर सर्व फ्लॉप्या कोऱ्या कराव्यात व ही एकच कपाटात तशीच राहू द्यावी. रोग कपाटातून पसरत नाही. तो पसरवायला अर्जदारासारखा कोणीतरी लागतो.

१२. त्या मजकुरातले एकच वाक्य अर्जदाराला आठवते. टंकन शिकवताना ते पडद्यावर होते : “पांढरं लुगडं नोतं, मंग मी धन्याचं धोतर नेसून गेली.” त्याच्या पुढे काय होते ते अर्जदाराने वाचले नाही, कारण तो त्या वेळी रुपरावांच्या बोटांकडे पाहत होता. रुपरावांना या अर्जाविषयी सांगितलेले नाही. पुन्हा एकदा खात्री द्यायची आणि पुन्हा ती खोटी ठरायची, हे त्यांच्या दारात उभे राहून आता होणार नाही. काही हाती लागले तरच अर्जदार कोराडीची बस धरील.

१३. सर्व फ्लॉप्या सारख्याच काळ्या आहेत आणि लेबले अर्जदाराच्या सूचनेवरून सोललेली आहेत, तेव्हा ती नेमकी कशी ओळखावी, असे आपण विचाराल. वर लेबल नाही, तरी प्रेमिलाने बॉलपेन चांगलेच दाबून लिहिले होते. त्याचा ठसा खालच्या काळ्या वेष्टणावर उमटलेला असणार. समोरून पाहिल्यास तो दिसणार नाही. कृपया एकेक फ्लॉपी खिडकीशी न्यावी आणि तिरप्या उजेडात धरावी. जिच्यावर ‘आजी’ असे वाचता येईल, ती.

आपला नम्र आणि खजील,
(सही)
गिरिधर मार्तंड पिंपळापुरे
रामदासपेठ, नागपूर
शनिवार, १८ नोव्हेंबर १९८९

सोबत :
१) खाचेसाठी काळ्या पट्ट्या. प्रत्येक दिव्यासमोर धरून पाहिली आहे.
२) ताडून पाहण्यासाठी ‘आजी’ या शब्दाचा, कु. प्रेमिला रुपराव गजभिये हिच्या हस्ताक्षरातील नमुना. तो मागायला अर्जदार तिच्या शाळेच्या फाटकाशी गेला होता. कशाला हवा, असे तिने विचारले नाही. बॉलपेनने लिहिले तर चालेल का, एवढेच विचारले.