आठ हजार नऊशे युरोंची सायकल

४ मार्च २०१८, रविवार

मागे पडलो! क्वारेमोन्तच्या चढावर, दगडी फरसबंदी सुरू होते तिथेच. एकतीस वर्षं ज्या चढाला शिव्या घालत का होईना पण चढत आलो, तिथे आज छातीचा नुसता भाता झाला. बाकीचे दिसेनासे झाले. ओडिल तेवढा माझ्याबरोबर मागे राहिला. तोही धापा टाकत होता, पण म्हणाला, “तुला सोबत म्हणून थांबलो, फिर्मिन लेका.” असा मित्र मिळायला नशीब लागतं.

स्ताफच्या कॅफेत गल्ल्याच्या मागे आमच्या सायकल क्लबची यादी टांगलेली असते. अ गट ताशी बत्तीस किलोमीटर. ब गट अठ्ठावीस. क गट — जमेल तसं, आणि वाटेत दोनदा कॉफी. तीन रविवार मागे पडलं की स्ताफ काही न बोलता तुमचं नाव खालच्या गटात उतरवतो. कॅफेचा मालकही तोच आणि क्लबचा अध्यक्षही तोच, मग दाद मागायची कुणाकडे?

नोव्हेंबरात हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा घाबरलो नव्हतो, एवढा आज त्या यादीला घाबरलो. ओडिल ब मध्ये आणि मी क मध्ये. म्हणजे माझा रविवार संपलाच की.

६ मार्च

वानसच्या सायकलींच्या दुकानात “नुसतं बघायला” गेलो. त्यानं एक काळी कार्बनची सायकल माझ्या हातात दिली. दोन बोटांवर उचलली! माझी लाल लोखंडी सायकल उचलायची म्हणजे आधी कंबरेला विचारावं लागतं. किंमत विचारली — आठ हजार नऊशे युरो. मी सायकल हळूच खाली ठेवली.

“पाय लावून बघा तरी, काका.”

“पाय कशाला लावू? तेवढ्या पैशांत आमचं नवं स्वयंपाकघर होतंय.”

खरंच होतंय. माझी बायको लुतगार्त चार वर्षं त्यासाठी पैसे बाजूला टाकतेय.

७ मार्च

घरी विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. जेवताना आपोआप तोंडातून निघाला. बायको बटाटे वाढता वाढता थांबली. आता बोलणी बसणार म्हणून मी खाली बघत राहिलो.

“घे,” म्हणाली.

“अगं, आठ हजार —”

“ऐकलं मी. स्वयंपाकघर काय पळून जातंय? तू मात्र नोव्हेंबरपासून खिडकीत बसून असतोस. एवढ्या किमतीची वस्तू घरात आली की तुला झक मारत बाहेर पडावं लागेल.”

सदतीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला किती वेळा निरुत्तर केलंय, मोजलं असतं तर वही भरली असती.

१६ मार्च

आली! वानसनं पायांची, हातांची, पाठीची मापं घेतली होती, लग्नाच्या सुटालासुद्धा घेतली नसतील इतकी. पुढे एक छोटा पडदा आहे. त्यावर वेग, अंतर, हृदयाचे ठोके, सगळं दिसतं. डॉक्टर म्हणाले होते, फक्त ठोके बघा, वेगाच्या नादी लागू नका. लुतगार्तनं वेगाच्या आकड्यावर चिकटपट्टीच लावून टाकली. “आता लाग नादी!”

१८ मार्च, रविवार

नाही पडलो मागे!! सगळा चढ ओडिलच्या चाकाला चाक लावून. दगडांवरून ही सायकल अशी जाते की मी वर पोचलो तेव्हा मला वाटलं, अजून थोडं बाकी असेल.

कॅफेत सगळे सायकलीभोवती गोळा झाले. स्ताफ म्हणाला, “नाचता येईना, अंगण वाकडं. यानं अंगणच नवीन घेतलं!” हसून हसून पुरेवाट. सगळ्यांना बिअर पाजली.

१ एप्रिल, ईस्टर

आज व्यावसायिक सायकलपटूंची मोठी शर्यत आपल्याच चढावरून गेली. कुंपणाला रेलून बघत होतो. त्यातल्या तिघांच्या बुडाखाली माझीच सायकल! तीच चाकं, तोच दांडा. ओडिलला कोपरानं ढोसून दाखवलं.

“हो रे,” म्हणाला, “फरक फक्त बुडाचा.”

२९ एप्रिल, रविवार

पाऊस, वरून समोरचा वारा. लाल सायकल असती तर दुलईत लोळलो असतो. पण आठ हजार नऊशे कोठीत उभे आहेत म्हटल्यावर कसला लोळतोय! गेलो. तीन तास चिखल खाल्ला. परत आलो तेव्हा लुतगार्तनं सूप गरम ठेवलं होतं. या वयात एवढं सुख पुरे झालं, आणखी मागायचं ते काय?

१३ मे, रविवार

परवापासून सायकल कुरकुरत होती. वानसनं खोलून ठेवलीय, सुटा भाग यायला आठवडा लागेल. मग आज लाल सायकल बाहेर काढली. एका रविवारापुरतं क गटात जावं असं ठरवून गुपचूप मागे उभा राहिलो, तर ओडिल ओरडला, “ए, तिकडे कुठे म्हाताऱ्यांत? इकडे ये!”

गेलो. आणि मागे पडलो नाही.

चढावरसुद्धा नाही! साडेअकरा किलोच्या लोखंडावर! आधी छाती फुगली. मग जुन्या मीटरकडे लक्ष गेलं. त्याच्यावर पट्टी नाही. सपाट रस्त्यावर तेवीस. टिचकी मारली. चोवीस. मीटर बिघडलं असेल म्हटलं. पण चर्चच्या घड्याळाप्रमाणे आठला निघालो, अकराला परत आलो, आणि वाट नेहमीचीच, बहात्तर किलोमीटरची. हिशोब शाळेतल्या पोरालाही येईल. चोवीस.

ब गट म्हणजे अठ्ठावीस. यादीवर छापलंय.

१४ मे

म्हणजे दोन महिने अख्खा गट माझ्यासाठी हळू चालवतोय. दहा धडधाकट माणसं! आणि मी बावळट सायकलीचे पोवाडे गातोय. बिअर पाजतोय!

जेवण तसंच ठेवून उठलो. लुतगार्तनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. “मला दया नकोय कुणाची,” म्हटलं.

“वाऱ्यात तुम्ही काय करता?” तिनं विचारलं.

“काय करतो म्हणजे? पाळीपाळीनं पुढे जातो. पुढचा वारा खातो, मागचे त्याच्या आडोशाला.”

“एकतीस वर्षं लोकांच्या पाठीमागे लपलास, तेव्हा नाही वाटली दया?”

 वहीत आणखी एक.

२० मे, रविवार

सायकल परत मिळाली. फेरी झाल्यावर ओडिलला कॅफेच्या अंगणात गाठलं. राग सोडूनच गेलो होतो. म्हटलं, “मला कळलंय. तुम्ही माझ्यासाठी हळू चालवता. आभार मानायचेत.”

तो आधी चपापला. मग एकदम ताठ बसला. “अरे, आभार कसले? तुझं हृदय शिवलेलं. तू म्हणशील तोवर हळू. मला काय, मी अजून तीसनं मारीन!” माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की त्याचा त्यालाच खोकला आला. बराच वेळ खोकला. मग घरी गेला.

मी आत स्ताफकडे गेलो. “माझं नाव क मध्ये लिही. माझ्या एकट्यापायी सगळ्यांना कशाला अडकवायचं?”

स्ताफ पेला पुसत होता. “लिहितो. मग त्याला काय सांगू?”

“कुणाला?”

“ओडिलला. अरे गाढवा, तू केव्हाही अठ्ठावीसनं जाशील. पण ओडिलचं एक फुप्फुस कामातून गेलंय. चार मार्चनंतर त्याची बायको इथे येऊन रडली. त्याला ‘तुझ्यासाठी हळू चालवू’ म्हटलं असतं ना, तर त्यानं त्याच दिवशी सायकल विकली असती. म्हणून त्याला सांगितलं, फिर्मिनसाठी हळू चालवायचं.”

“आणि मला?”

“तुला कशाला सांगायचं? तू तर सायकलीवर खूश होतास!”

२१ मे

चार मार्चला चढावर कोण कुणासाठी थांबलं होतं? दिवसभर तेच डोक्यात. बागेत काम काढलं, पण हाताला काही सुचेना. डोळे भरून येत होते. लुतगार्तला सांगितलं. ती म्हणाली, “मग गप्प राहायचं. जमेल?” एरवी माझ्या पोटात काही राहत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

राहील. ओडिलसाठी राहील. तीच सोबत मला परत करता येतेय, हे थोडं झालं का?

हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल असतं, चांगलं सणसणीत असतं. पण ही सायकल नसती तर मी मार्चमध्येच खिडकीत बसलो असतो. मग ओडिलसाठी कारण म्हणून पुढे करायला स्ताफनं कुणाला शोधलं असतं?

२७ मे, रविवार

क्वारेमोन्त. ओडिल पुढे, मी त्याच्या चाकामागे. दगड सुरू झाले तिथे त्यानं मान वळवली. “झेपतंय ना?”

छाती ठणठणीत होती. म्हटलं, “थोडं हळू घे रे, दमलो.”

“घेतो, घेतो! सावकाश ये!” काय खूश झाला!

आठ हजार नऊशे युरोंची सायकल, आणि मी ती वरपर्यंत ब्रेक दाबत दाबत नेली. पै न् पै वसूल.