निळ्या पुडीतलं ब्लेड

रिठदचा तांडा,
माघ महिना, १९५७

प्रिय अमरसिंग,

अनेक आशीर्वाद. हे पत्र टपालात न टाकता, दोन दिवसांसाठी पुन्हा तांड्यात आलेल्या हेमसिंगच्या हाती देतो आहे. टपालात टाकलेल्या पत्राची मला काळजी लागते. पेटीतून निघालं का, मोटारीच्या टपावर भिजलं का, अकोल्यात तुझ्याच नावाचा दुसरा कोणी निघाला आणि त्याने उघडलं तर काय, असं मनात येत राहतं. हेमसिंग तुझ्याच खोलीत राहतो, तेव्हा तो द्यायला विसरला तरी पत्र तुझ्या आसपासच पडलेलं असेल.

इकडे बरं आहे. तूर घरात आली. काळ्या गाईच्या खुराला लागलं होतं, आता चालते, पण मी तिला अजून दगडांच्या वाटेने नेत नाही. तुझ्या याडीचा खोकला कमी आहे, आणि कमी झाला म्हणून ती काढा घेत नाही, नवऱ्याचं ऐकत नाही. तुझा मुलगा चांगला आहे. मान धरायला लागला. माझ्या तोंडाकडे फार वेळ बघत राहतो. का बघतो ते पुढे लिहितो. होळीला त्याची धुंड आहे. यंदा ज्यांच्या घरी पोरगा झाला त्यांच्या दारी सगळा तांडा गात, काठ्या वाजवत येईल, आणि पोराच्या बापाने दारात उभं राहून त्यांचं तोंड गोड करायचं. सूनबाईने, कमलीने, गूळ वेगळा काढून ठेवला आहे. दारात कोण उभं राहणार हे मी तिला विचारलं नाही. तिनेही मला विचारलं नाही.

संक्रांतीला हेमसिंग तुझी पेटी घेऊन आला तेव्हा त्याने सगळं सांगितलं. कापसाच्या जिनात तुझा उजवा हात गेला त्याची जखम भरली, दवाखान्याने सोडलं, पण तू घरी यायचं नाव काढत नाहीस. दवाखान्यात न्हाव्याने वस्तऱ्याने तुझी दाढी केली, गालभर फोड आले, त्यात पू झाला, आणि तेव्हापासून तू कोणाला तोंडाला हात लावू देत नाहीस. दाढी वाढली आहे आणि तू ती खाजवून रक्त काढतोस. मी हेमसिंगला म्हटलं, "मंग मी येतो तुह्यासंगं, घेऊनच येतो त्याले." तर तो खाली बघत म्हणाला, "काका, तो येत नाही. तो म्हनते, ज्याले सोताची दाढी करता येत नाही तो पोराले काय सांभाळंन? लोकायच्या हातानं तोंड धुऊन घ्यायले मी तांड्यात येत नाही, म्हनते." मी त्याला जेवायला वाढा म्हणून घरात सांगितलं आणि बाहेर जाऊन गाईला चारा टाकला. तिच्यापुढे चारा होता, तरी टाकला.

पेटीत तुझं दाढीचं मशीन निघालं. हेमसिंग म्हणाला, तू ते फेकून द्यायला सांगितलं होतंस. त्याने फेकलं नाही हे बरं केलं. पहिल्या हंगामाच्या पगारातून तू ते आणलंस तेव्हा सगळा तांडा बघायला जमला होता, आणि तांड्याचे नाईक गुलाबसिंग हातात घेऊन म्हणाले होते, "हे काय आनलं बे, सरकी काढाचं यंत्र का?" तू हसला नाहीस. साबण लावलास, सगळ्यांसमोर दाढी केलीस, आणि तोंडावर एक फोड आला नाही. मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं, बोललो नाही इतकंच. आपल्या घरातली दाढी राठ, तारेसारखी, आणि कातडी मात्र लहान पोराची. वस्तरा फिरला की कापलेला केस आत वळतो आणि फोड धरतो. माझ्या बापाने त्यापायीच दाढी राखली. मीही राखली. उपाय शोधणारा तूच एकटा निघालास.

तर मी ते मशीन घेऊन शेतात गेलो. घरी करण्यासारखं नव्हतं. बाभळीला आरसा अडकवला आणि बसलो. मशीनमध्ये तुझं जुनंच ब्लेड होतं, गंजलेलं. ब्लेड काचेच्या ग्लासात आतून घासलं की धार येते, असं शाळेतले मास्तर करायचे ते मी पाहिलं होतं. मी तिसरीत शाळा सोडली, पण तेवढं ध्यानात होतं. चहाच्या ग्लासात पुष्कळ घासलं. धार काही आली नाही, ग्लास तेवढा तांबडा झाला. तरी मी दाढी कात्रीने बारीक केली, साबण लावला आणि सुरुवात केली. हात सरकला आणि डाव्या बाजूची अर्धी मिशी गेली. आता अर्धी मिशी घेऊन तांड्यात जायचं कसं? म्हणून उरलेलीही काढली.

पुढे जे झालं ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तोंडावर दहा ठिकाणी कापलेलं, लाज वाटत होती, म्हणून डोक्यावरून उपरणं घेतलं आणि खाली मान घालून आलो. आपल्यात घरचं माणूस गेल्याशिवाय कोणी मिशी उतरवत नाही, हे मी कसं विसरलो? शिवाय त्या दिवशी सकाळी टपालवाला तांड्यातून गेलेला. तो कोणाकडे थांबला नव्हता, पण तेवढं कोण बघतं? पहिल्यांदा नानीबाईने पाहिलं. तिने डोक्यावरची घागर खाली ठेवली आणि मोठ्याने रडायला लागली. तिला बघून बाकीच्या बाया आल्या. मला वाटलं नानीबाईच्या घरी काही झालं, म्हणून मीही तिथे उभा राहून डोळे पुसले. आता त्याचं हसू येतं, तेव्हा आलं नाही. त्यांनी तुझं नाव घेतलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी घराकडे पळालो. तुझी याडी ओट्यावर बसली होती, ती रडत नव्हती, नुसती बघत होती. कमलीने पोराला जमिनीवर ठेवलं होतं आणि चुडा उतरवायला हात घातला होता. मी ओरडलो, "काही झालं नाही! जित्ता हाय अमरसिंग! मी दाढी केली!"

मग जी बोलणी बसली ती तुला काय सांगू. तुझी याडी म्हणाली, "एका मिशीपायी अर्धं घर मारून टाकलं तुमी. काहून केली? या वयात कोनाले तोंड दाखवाचं होतं?" मी म्हटलं, "पोराची दाढी करायले शिकून राह्यलो."  तिने स्वतःच उठून हळद आणली आणि माझ्या कापलेल्या जागी लावली, आणि लावताना जोरात दाबली. गुलाबसिंग नाईक दुसऱ्या दिवशी म्हणाले, "रामधन, आता बैठकीत तुले बायायच्या बाजूले बसवाव लागंन." बसवा म्हटलं. कमली मात्र त्या दिवसापर्यंत माझ्यासमोर कधी बोलली नव्हती. तिने तोंडावरची ओढणी तशीच ठेवून सांगितलं, "मामाजी, त्यायले कळवा, दाढी राहो का जावो, मले काही नाही. मानूस आला पायजे." तिचा निरोप मी जसाच्या तसा लिहिला आहे.

मिशी गेलीच होती, तेव्हा मी थांबलो नाही. रिठदच्या दुकानात लाल पुडीतलं ब्लेड मिळतं ते आणलं. जाड आहे, दिसायला गरीब आहे, मला वाटलं नाजूक कातडीला हेच बरं. तसं नाही. ते केस कापत नाही, ओढतं. ओढलं की आपण दाबतो, आणि दाबलं की कातडी सोलते. आठ दिवस गालाला मिठासारखं झोंबत होतं आणि हनुवटीखाली फोड आले. मला फार भीती वाटली, की तुला हे पाठवलं असतं तर? मग रिसोडच्या बाजारात गेलो. दुकानदार तरुण होता. मी म्हटलं, राठ दाढीचं आणि नाजूक कातडीचं ब्लेड द्या. तो म्हणाला, "दोन मानसं आहेत का बाबा?" मी म्हटलं, "एकच हाय." तो हसला, पण त्याने दोन पुड्या काढल्या. एक पांढरी, विलायती. तिला धार अशी की कापलेलं कळत नाही, साबण लाल झाला की कळतं. आणि पत्रा इतका पातळ की बसवताना वाकतो आणि बोटात शिरतो. ज्याचा हात बसलेला आहे त्याने वापरावं. दुसरी निळी. तिचं ब्लेड लाल पुडीइतकं जाड नाही आणि पांढऱ्याइतकं तिखट नाही. राठ केसाला अडत नाही आणि दाबावं लागत नाही. निळ्या पुडीवर मी आता ठाम आहे. तरी रिसोडला गेलो की अजून एखादी नवी आली का ते विचारतो, कारण ठाम झालं की मला धास्ती वाटते.

आता काय करायचं ते लिहितो, तुला काही ठाऊक असेल तर सोडून दे. आधी गरम पाण्याचं फडकं गालावर ठेव, निवेपर्यंत ठेव. राठ केस भिजला तरच मऊ होतो. मग चार थेंब गोडं तेल, त्यावर साबण. कपडे धुण्याचा साबण लावू नकोस, मी लावला होता. मशीन केसाच्या कलाने वरून खाली फिरव, एकदाच. राहिलेले केस राहू दे. उलटं फिरवलं की केस आत वळतो आणि फोड तिथेच येतो. कातडी ताणायला गाल आतून जिभेने वर कर किंवा फुगव. मी गाल फुगवला की तुझा मुलगा हसतो, म्हणून आता मी घरीही विनाकारण फुगवतो, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत बसतो तो यासाठीच. राठ केस ब्लेडची धार लवकर खातात, तेव्हा ओढायला लागलं की लगेच टाकून दे, घासत बसू नकोस. शेवटी थंड पाणी. तुरटी झोंबते, पण रक्त थांबतं.

आता खरं लिहितो. तुझी याडी आणि कमली समजतात की मी तुझी दाढी करून द्यायला शिकतो आहे. मीच तसं सांगितलं, पण ते खरं नाही. पहिल्या दिवसापासून मी उजवा हात उपरण्याने कमरेला बांधून घेतो आणि सगळं डाव्या हाताने करतो. म्हणून तर शेतात जात होतो. मिशी गेली ती त्यापायीच. मला बघायचं होतं, एका हाताने जमतं की नाही. जमतं, अमरसिंग. मशीनची दांडी दोन्ही गुडघ्यांत धरायची, ब्लेड वरून ठेवायचं आणि झाकण अंगठ्याने फिरवायचं. आधी फार वेळ लागतो आणि राग येतो, मी दोनदा मशीन गव्हात भिरकावलं आणि शोधत बसलो. पण मी म्हातारा आहे, माझा हात थरथरतो, तरी काल मला एकाही ठिकाणी लागलं नाही. तुझं वय काय, तुला मला लागले तेवढे दिवस लागणार नाहीत. तुझ्या तोंडाला मी हात लावणार नाही, दुसऱ्या कोणाला लावू देणार नाही. मशीन आणि निळी पुडी हेमसिंगजवळ दिली आहे. होळीला अजून वेळ आहे. फक्त उजव्या कानाखाली, जबडा वळतो तिथे, डावा हात नीट पोचत नाही. तेवढं मला अजून जमलेलं नाही, चार केस राहतातच. तुला जमलं तर आल्यावर मला करून दाखव.

तुझाच बा,
रामधन